अडतिसावी खुंटी

प्रिय खारू,

या नावाने तुला हाक मारणारा एकच माणूस होता, तेव्हा कोण लिहितंय हे तुला कळलंच असेल. तरी सांगतो. मी. काडेपेटी. वर्गाने ठेवलेलं हे नाव गेल्या तीन वर्षांत कुणी घेतलं नाही, आज माझं मीच घेतोय. पत्र फाडावंसं वाटलं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड, कारण यात माझ्यापेक्षा तुझ्या दलदलीचं काम जास्त आहे. संवर्धनासाठी निवडलेल्या जागांच्या यादीत तुझी दलदल आली नाही हे मला माहीत आहे. का आली नाही तेही माहीत आहे. तुला वाटतंय ते कारण खरं नाही.

सध्या मी ताईकडे राहतो. जिन्याखालची खोली, छत तिरकं, बेसावध उभं राहिलं की डोकं आपटतं. भावोजी म्हणतात, बरं झालं, या डोक्याला अशीच खोली हवी होती. पण गेले पंधरा दिवस मला राग आलेला नाही. भाचीने कात्री घेऊन माझ्या हेडफोनची वायर मधोमध कापली, आता मामा ओरडणार म्हणून पलंगाखाली जाऊन बसली, आणि मी नुसताच बघत राहिलो. तेव्हा ताईने चक्क माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. ताप नाही. काहीच नाही. जेवतो, कप विसळून पालथा घालतो, ऑफिसच्या बावीस पायऱ्या चढतो आणि संध्याकाळी त्याच बावीस उतरतो. कुणी काही विचारलं तर उत्तर देतो. उत्तर बरोबरही असतं. फक्त ते दुसऱ्याच कुणीतरी दिल्यासारखं वाटतं.

कॉलेज सोडल्यावर पहिल्या वर्षात तीन नोकऱ्या धरल्या आणि तिन्ही ठिकाणी भांडून निघालो. ही चौथी टिकली. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला एक संस्था आहे, ऑनलाइन सत्रं भरवते. माझ्यासमोर दोन पडदे, मागे टकटक करणारा पंखा, बाजूला एक फोन. काम म्हणजे लोकांना यादी बघून आत घ्यायचं, कुणाच्या घरात कुकरची शिटी झाली की त्याचा आवाज बंद करायचा, कुणी चुकून छताकडे कॅमेरा लावून बसलं असेल तर हळूच कळवायचं. भांडायला समोर माणूसच नाही, म्हणून टिकलास, असं ताईचं मत. आमच्या समन्वयक बाई नव्या लोकांना माझी ओळख करून देताना म्हणायच्या, हे आमचं तांत्रिक सहाय्य, देवासारखं आहे, दिसत नाही, फक्त तोंड बंद करतं.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. दर बुधवारी अकरा वाजता, हवामान बदलाशी जुळवून घेणं आणि परिसंस्थांचं संवर्धन, अशी बारा सत्रं झाली. तू बाराही केलीस. पडद्याच्या कोपऱ्यात ‘तांत्रिक सहाय्य’ नावाची एक काळी चौकट असायची, जिचा कॅमेरा कधीच सुरू नसायचा. ती मी होतो.

पहिल्या बुधवारी प्रतीक्षा कक्षात सत्तावन्न नावं होती आणि त्यात तुझं. आडनावासकट. मी बाकीच्या छप्पन्न जणांना आत घेतलं आणि तुझ्या नावाकडे बघत बसलो. पुढे दोन बटणं असतात, आत घ्या आणि काढून टाका. शेवटी आत घेतलं. आल्या आल्या तू लिहिलंस, दादा, माझा आवाज येतोय का? तीन वर्षं ज्या बाईसाठी माणूस झुरतो तिने पहिल्याच वाक्यात दादा करून टाकलं, यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं हे कळेना. मी लिहिलं, हो ताई, येतोय. बोटांनी लिहिलं, मी नाही. मग तेच चालू झालं. दादा, माझा पडदा दिसतोय का. हो ताई. दादा, आज वारा आहे, नेट जाईल, सांभाळून घ्या. घेतो ताई. तू फोन करायचीस तेव्हा मी उचलायचो नाही, लेखी उत्तर पाठवायचो. आवाज ओळखला असतास.

बुधवार कधी येतो असं व्हायचं, खोटं कशाला सांगू. सोमवारपासून मी तुझ्या किनाऱ्यावरच्या अभ्यास केंद्राकडचं वाऱ्याचं मान बघायचो. एक ते वनरक्षक काका पाण्याच्या टाकीवर चढून सत्राला बसायचे, कारण तिथेच नेट लागतं, आणि वाऱ्याने टोपी उडाली की व्याख्यान सोडून खाली बघायचे. निवृत्त मुख्याध्यापक सत्र संपल्यावर पडदा बंद होईपर्यंत हात हलवत राहायचे, जणू बोट निघालीय. आणि तुझ्या केंद्राचं नेट गेलं की तेच मुख्याध्यापक न चुकता म्हणायचे, गेली बिचारी पाण्यात. सगळे हसायचे. दोन मिनिटांत तू परत यायचीस, मी तुला आत घ्यायचो, तू म्हणायचीस, सॉरी सॉरी. याची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की तुझ्या जाण्या-येण्याकडे कुणी लक्षही देईना. पुढचं सगळं या सवयीमुळेच झालं.

सत्र संपल्यावर मी प्रश्नावली पाठवायचो, आज काय शिकलात. लोक लिहायचे, छान. माहितीपूर्ण. आवाज नीट येत नव्हता. तू दोन-दोन परिच्छेद लिहायचीस. सहाव्या सत्रात त्या पाणथळवाल्या बाई म्हणाल्या होत्या ना, की किनाऱ्यावरचं गवत जपायचं म्हणजे आहे तिथे खिळवून ठेवायचं नाही, पाणी वर येईल तसं त्याला मागे सरकायला जागा मोकळी करून द्यायची. त्यावर तू लिहिलं होतंस, आमच्याकडे गवत सरकतंय, पण त्याच्या पाठीला बांध लागला आहे, आणि बांधामागची जमीन वीस वर्षं ओसाड पडली आहे, दोनच ठिकाणी बांध उघडला तर पुरे. ते मी चार वेळा वाचलं. सत्रं ऐकणाऱ्यांना शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मी बाराच्या बारा ऐकली, शब्दन् शब्द, पण मी सहभागी नाही, मला मिळत नाही. तुझं मीच बनवलं. नाव तीनदा तपासलं.

खुंट्या आठवतात का, असं विचारणं मूर्खपणाचं आहे, तू दर महिन्याला त्याच मोजतेस. पण मला आठवतात ते सांगतो. दुसऱ्या वर्षाला होतो. समुद्राकडच्या टोकापासून बांधापर्यंत दहा-दहा पावलांवर एकेचाळीस खुंट्या ठोकल्या, गुडघाभर चिखलात, ओहोटीच्या तीन तासांत. क्षारमापक पहिल्याच दिवशी पाण्यात पडला, तेव्हा तू बोट बुडवून जिभेला लावलंस आणि गंभीरपणे सांगितलंस, कालच्यापेक्षा खारट आहे. तेव्हापासून खारू. खुंट्यांवर वीतभर निळा आणि वीतभर पांढरा पट्टा रंगवायचा, म्हणजे लांबून दुर्बिणीतूनही चिखल किती चढला ते वाचता येईल, ही माझी कल्पना. आयुष्यात मला सुचलेली एकमेव चांगली गोष्ट. त्या वेळी गवताची समुद्राकडची रेघ सव्विसाव्या खुंटीवर होती.

मग विभागप्रमुखांनी त्याच पट्ट्यांचं चित्र स्वतःच्या नावावर छापलं. तू तेव्हाही म्हणाली होतीस, रागावायचं कारण खरं आहे, पद्धत चुकीची आहे. मी त्यांच्या खोलीत गेलो, बोलायचं ते बोललो, बोलू नये तेही बोललो, आणि निरीक्षणांची वही खिडकीतून बाहेर फेकली. वही तू खाली जाऊन उचलून आणलीस, चिखल पुसलास. मी कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो. म्हटलं, एक तर माझ्याबरोबर चल नाहीतर त्यांच्याबरोबर राहा, आत्ताच्या आत्ता सांग. तू घड्याळ बघितलंस. म्हणालीस, ओहोटी लागलीय, आधी खुंट्या मोजून येते, मग बोलू. मी ते ‘मग’ येईपर्यंत थांबलो नाही. तू चिखलाला निवडलंस असं तीन वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो. ताईला तर इतक्यांदा सांगितलं की एकदा ती वैतागून म्हणाली, अरे, मोजून परत आली असेल ना ती, तू होतास का तिथे?

आता तेराव्या बुधवारचं सांगतो. त्याच्यासाठीच बसलोय, आणि अजून इकडचं तिकडचं लिहितोय.

संवर्धनाच्या निधीसाठी आठ जागा, त्यातल्या तीन निवडायच्या. प्रत्येकाला सादरीकरणासाठी वीस मिनिटं, त्यातली शेवटची पाच निवड समितीच्या प्रश्नांना. वीस मिनिटं पुरी झाली नाहीत तर अपूर्ण म्हणून शेरा, गुण नाहीत. त्या दिवशी सत्र साडेदहालाच सुरू केलं होतं, तुझा नंबर चौथा. तू फार सुरेख बोलत होतीस. तुझा आवाज आता पूर्वीसारखा घाईत नसतो. तू सांगितलंस की चार वर्षांत गवताची ती रेघ सव्विसाव्या खुंटीवरून अडतिसाव्या खुंटीवर आलीय, वर्षाला तीन खुंट्या, आणि एकेचाळिसाव्या खुंटीला बांध. म्हणजे एक वर्ष. त्यानंतर मागे भिंत, पुढे समुद्र, आणि मधलं गवत संपलं की लाटा सरळ बांधावर आणि बांधामागच्या वस्तीवर. समितीतले दाढीवाले गृहस्थ, जे एरवी डुलक्या काढतात, ते पुढे वाकून बसले होते. मला काय वाटत होतं सांगू? अभिमान. माझा काय संबंध, पण वाटत होता.

मग तू म्हणालीस, हे काम दोघांनी सुरू केलं होतं, त्यातला एक जण मधेच सोडून गेला.

एवढंच. अकरा बेचाळीस झाले होते. डोक्यात ते पेटलं, जुनंच, ओळखीचं. सत्तावन्न जणांसमोर, समितीसमोर, मी ऐकत असताना. माझा हात माऊसवर होता. तुझ्या नावावर गेला आणि तुला प्रतीक्षा कक्षात पाठवून दिलं. तुझी चौकट गेली. मग मुख्याध्यापक म्हणाले, गेली बिचारी पाण्यात. आणि सगळे हसले.

राग तिथेच संपला, खारू. बोट बटणावरून उचलायच्या आत. एवढ्या लवकर कधीच संपला नव्हता. तुझं नाव बाजूच्या यादीत दिसत होतं, त्याच्यापुढे तीच दोन बटणं. आत घ्यायला एक टिचकी पुरे होती. तेवढ्यात समन्वयक बाईंनी विचारलं, तांत्रिक सहाय्य, बघा जरा, मॅडम परत येतायत का? आणि मी लिहिलं, नेट गेलेलं दिसतंय. ते लिहिलं आणि अडकलो. आता लगेच आत घेतलं तर तू म्हणणार, मला कुणीतरी बाहेर काढलं. फोन वाजायला लागला. तुझाच. टेबलावर थरथरत, सरकत सरकत येऊन तो कीबोर्डला टेकला. बंद झाला, पुन्हा वाजला. तीनदा. मी त्याच्याकडे बघत होतो, भाचीने वायर कापली तेव्हा बघितलं तसं. अकरा छप्पन्नला दाढीवाल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि पाचव्याला बोलवायला सांगितलं. चौदा मिनिटं तू त्या यादीत होतीस. नंतरही होतीस. सत्र संपवून सगळं बंद केलं तेव्हा सगळ्यात शेवटी तुझं नाव विझलं.

दुपारी तुझा ईमेल आला. संस्थेचे ईमेल मीच उघडतो. आदरणीय समिती, ऐन वेळी माझ्या केंद्रावरचं नेट गेलं, आपला वेळ वाया गेला, मनापासून माफी मागते. आणि खाली, तांत्रिक दादांनी बाराही सत्रांत फार सांभाळून घेतलं, त्यांचा यात काही दोष नाही. नियमाप्रमाणे तो मीच समितीकडे पुढे पाठवला. मग कप विसळला. बावीस पायऱ्या उतरलो.

शुक्रवारी यादी लागली. तुझी जागा नव्हती. शनिवारी ऑफिसात कुणी नसताना मी तुझं सादरीकरण उघडलं. तू आधीच पाठवून ठेवलं होतंस, माझ्याकडे होतंच. आठवं पान, ज्यावर बोलताना मी तुला बाहेर काढलं. नववं पान, जे कुणी पाहिलं नाही. त्यावर खुंटीचा फोटो, निळा पट्टा, पांढरा पट्टा, आणि खाली माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बोलणाऱ्यासाठी जी टिपणं असतात त्यात तू लिहून ठेवलं होतंस, इथे थांबून सांगायचं की ही पद्धत त्याची आहे, ती त्याच्या नावाने नोंदवली जावी ही विनंती. दोन दिवस आधी मी ही फाइल नीट उघडतेय का ते तपासलं होतं. आत काय आहे ते वाचलं नव्हतं. उघडते, एवढं बघितलं आणि बंद केली. ही माझी पद्धत.

त्या दिवसापासून हे असं आहे. सोमवारी समन्वयक बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील, मला बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढून ठेवला, मग म्हणाल्या, लेखी दे. दिलं. कारण विचारलं, तेही लिहिलं, की आम्ही एका वर्गात होतो आणि माझं तुझ्यावर, जे आहे ते. घरी येऊन ताईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. शेवटची घडी झाल्यावर म्हणाली, या वेळी तरी फाटकाशी थांब.

म्हणून थांबलोय, आणि म्हणून हे पत्र. समितीने माझं लेखी निवेदन वाचलं आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. यंत्राच्या नोंदीत तू कधी बाहेर गेलीस ती वेळ आहे, कुणी काढलं ते नाही. उलट तुझा ईमेल आहे, तुझ्या सहीचा, की नेट माझं गेलं. दाढीवाले गृहस्थ बाईंना म्हणाले, पोरगं प्रेमात आहे, तिची चूक अंगावर घेतंय, कौतुक आहे, पण नियम म्हणजे नियम. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि तेही प्रेमात वाया गेलं. तेव्हा आता हे फक्त तुझ्या हातात आहे. त्या चौदा मिनिटांत तुझ्या पडद्यावर काय लिहिलेलं होतं ते आठव. थोडा वेळ थांबा, आयोजक आपल्याला आत घेतील. नेट गेलेल्या माणसाला ती ओळ दिसत नाही. आणि तुझ्या केंद्रावरचा भरतीमापक त्याच नेटवरून दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो, ते पान कुणालाही उघडता येतं. मी पाहिलंय. अकरा चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, एकही आकडा गळलेला नाही. ते पान छापून समितीला पाठव. वीस तारखेला त्यांची बैठक आहे, त्यानंतर यादी बदलत नाही. आणि सोबत दोन ओळी लिही की तू मागितलेली माफी तू परत घेतेस. बाई म्हणाल्या, मी फोन केला तर ती मलाच सॉरी म्हणेल, तूच लिही. मला माफ कर असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. पुन्हा बोलावलं तर तुला आत घ्यायला दुसरा कुणीतरी असेल, माझ्याकडून ते काम काढून घेतलंय. त्यालाही दादाच म्हण. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ओहोटी लागलेली असेल तर आधी खुंट्या मोजून ये. पण मग लिही.

फाटकाशी थांबलेला, तुझाच,
काडेपेटी